एकच टीव्ही, तीन कामं: सिनेमा, गेमिंग आणि कॉम्प्युटरसाठी टीव्ही घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीचा विषय निघाला की मेसेज सुरू होतात आणि बहुतेक तेच ते असतात, म्हणून सगळे एका जागी आणलेत. प्रश्नांना नंबर दिलेत कारण उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, तेच तेच परत लिहिण्यापेक्षा नंबर सांगितला की तुम्ही तिकडे जाऊन बघू शकता.

१. सुरुवात कुठून करू? साइज, कंपनी की पॅनल?

वापरापासून करा, आणि त्यातही सगळ्यात किरकिरा वापर कुठला ते आधी ठरवा. सिनेमा आपण लांबून बघतो, चित्र सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा आलं तरी आवाज सोबत असला की कोणाला पत्ता लागत नाही. गेमिंगला तोच उशीर चालत नाही. आणि कॉम्प्युटर तर त्याहून वाईट, त्याला प्रत्येक पिक्सेल (चित्राचा एकेक ठिपका) जिथल्या तिथे लागतो, नाहीतर अक्षरं वाचताना डोळे दुखतात. त्यामुळे रोज तासभर जरी टीव्हीवर कॉम्प्युटर चालणार असेल तरी टीव्ही कॉम्प्युटरच्या हिशोबाने निवडा, बाकीची दोन कामं तो करतोच. उलटं केलेले लोकच मला नंतर प्रश्न १३ विचारतात.

२. एचडी रेडी, फुल एचडी, ४के, ८के, नक्की फरक काय?

पिक्सेल किती तेवढाच. एचडी रेडी म्हणून जे विकतात ते बहुतेक १३६६ × ७६८, फुल एचडी १९२० × १०८०, ४के म्हणजे ३८४० × २१६०, आणि ८के ७६८० × ४३२०. फुल एचडीत साधारण पावणेएकवीस लाख पिक्सेल, ४केत त्याच्या बरोब्बर चौपट. ४३ इंच आणि वर ४केच घ्या, त्यात विचार करण्यासारखं काही राहिलेलं नाही. ८केचा विचारही करू नका, ८केमध्ये बनलेलं बघायला फारसं काही नाहीये.

३. किती इंची घेऊ? आमचा सोफा टीव्हीपासून ८ फुटांवर आहे.

सिनेमाचा ढोबळ हिशोब असा की स्क्रीनने तुमच्या नजरेचा ३० ते ४० अंशांचा भाग व्यापावा. ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे ३० अंश हवे तर साडेसात फुटांवर बसा, ४० अंशांचा थेटरसारखा फील हवा तर साडेपाच फुटांवर. ६५ इंचीला हेच आकडे पावणेनऊ आणि साडेसहा फूट. तेव्हा ८ फुटांना ६५ मस्त, ५५ चालेल, ४३ म्हणजे बातम्या बघायला ठीक.

अजून एक, ५५ इंचीवर सात फुटांच्या पलीकडून साधारण नजरेच्या माणसाला फुल एचडी आणि ४के यातला फरक सांगणं अवघड जातं. लांबूनच बघणार असाल तर पिक्सेलपेक्षा कॉन्ट्रास्टवर, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्यातल्या फरकावर, पैसे घाला.

आणि टेबलाची रुंदी मोजा!! स्क्रीनची नाही, टीव्हीच्या पायांची. बऱ्याच टीव्हींचे पाय दोन टोकांना असतात. मी स्वतः खोकं उघडून टीव्ही उभा धरून पाच मिनिटं तसाच उभा होतो कारण एक पाय टेबलावर आणि दुसरा हवेत.

४. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी... नावांनी डोकं फिरलंय.

फिरायलाच ठेवलीत ती नावं. खरे प्रकार दोनच. पहिला एलसीडी, म्हणजे मागून उजेड आणि पुढे पडदा. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी हे सगळे याच घराण्यातले. क्यूएलईडीत उजेडावर क्वांटम डॉटचा (अतिबारीक कणांचा) थर असतो त्याने रंग जास्त गडद येतात, मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि खूप असतात आणि वेगवेगळ्या भागात कमीजास्त होतात. दुसरा प्रकार ओएलईडी, यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो आणि बंद झाला की बंद, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा.

एलसीडीतही पोटभेद आहेत, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या वर सहज जातो, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास, पण आयपीएस बाजूने बघितलं तरी रंग उडत नाहीत. अंधारात समोर बसून सिनेमा बघणाऱ्याने व्हीए घ्यावा, आणि घरचे सगळे खोलीभर पसरून बसत असतील तर आयपीएस. गंमत म्हणजे पॅनल कुठलं ते खोक्यावर क्वचितच लिहितात आणि एकाच मॉडेलच्या दोन साइजमध्ये दोन वेगळी पॅनल निघू शकतात, म्हणून रिव्ह्यू वाचताना साइज बघून वाचा.

५. दुकानात तर सगळेच भारी दिसतात, ओळखायचं कसं?

दुकानात टीव्ही बहुतेक व्हिव्हिड मोडवर असतो, ब्राइटनेस फुल, रंग फुल, आणि वर पोपट नाहीतर धबधब्याचा डेमो. त्यात खराब टीव्हीही छान दिसतो. विक्रेत्याला सांगून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावायला लावा आणि मग अंधारातला एखादा सीन बघा. शक्य असेल तर लॅपटॉप आणि केबल घेऊन जा. मी एक साधी फाइल बनवून ठेवलीये, निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरात चार ओळी, साइज लहान. टीव्हीला जोडतो, इनपुटचं नाव पीसी करतो आणि जवळ जाऊन बघतो. अक्षरांच्या कडा सरळ दिसल्या तर टीव्ही कॉम्प्युटरच्या कामाचा, आणि लाल रंग निळ्यात गळल्यासारखा दिसला तर नाही. का ते प्रश्न १३ मध्ये. विक्रेते माझ्याकडे विचित्र बघतात, बघू देत.

६. एचडीआर सगळ्यावरच लिहिलेलं असतं, मग स्वस्तातला घेतला तर काय बिघडलं?

एचडीआर म्हणजे उजळ आणि अंधाऱ्या भागांतला फरक जास्त दाखवणारं चित्र. त्याचा सिग्नल घेता येणं वेगळं आणि तो दाखवता येणं वेगळं. सिनेमे एचडीआरसाठी बनवतात ते बऱ्याचदा १००० निट्सचा (निट्स हे ब्राइटनेसचं माप) ब्राइटनेस धरून. ज्या टीव्हीचा दम ३०० निट्सलाच संपतो आणि मागचे दिवे भागाभागाने कमी होत नाहीत तो एचडीआर लावल्यावर उलट अजून अंधारा आणि फिकट दिसतो. असल्या टीव्हीवर साधा एसडीआरच, म्हणजे एचडीआर नसलेलं नेहमीचं चित्रच बरं. तेव्हा स्टिकर सोडा आणि दोन गोष्टी बघा, लोकल डिमिंग (मागचे दिवे भागाभागाने कमी होणं) आहे का आणि पीक ब्राइटनेस किती.

फॉरमॅटचं म्हणाल तर एचडीआर१० सगळ्यांना चालतं. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ सीनप्रमाणे सेटिंग बदलतात म्हणून कमी ताकदीच्या टीव्हीला त्यांचा जास्त फायदा. सॅमसंग टीव्हीत डॉल्बी व्हिजन देत नाही, एचडीआर१०+ देतं. एक्सबॉक्स सिरीज एक्स गेममध्येही डॉल्बी व्हिजन देतो, प्लेस्टेशन ५ देत नाही. तेवढ्यावरून टीव्ही बदलायची गरज नाही.

७. नवीन टीव्हीवर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतोय, खराब पीस आलाय का?

पीस चांगला आहे, मोशन स्मूदिंग चालू आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून घुसवतो आणि सगळं व्हिडिओ कॅमेऱ्याने काढल्यासारखं दिसायला लागतं. प्रत्येक कंपनीने याला वेगळं नाव दिलंय, सेटिंगमध्ये मोशन नावाचं जे काही दिसेल ते बंद करा. किंवा सरळ फिल्ममेकर मोड लावा, तो २०१९ मध्ये याच कामासाठी आणलाय, मधल्या फ्रेम आणि जास्तीची शार्पनेस सगळं एका बटणात बंद.

बंद केल्यावर कॅमेरा हळू फिरताना झटके जाणवले तर ते वेगळं प्रकरण आहे. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) टीव्हीवर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा असं दाखवावं लागतं. १२० ला भाग जातो, प्रत्येक फ्रेम पाचदा. १२० हर्ट्झ पॅनलचा सिनेमावाल्यांना होणारा फायदा हा, लोक तो फक्त गेमिंगचा समजतात. स्ट्रीमिंगच्या डब्यात फ्रेम रेट मॅच करायचं सेटिंग असेल तर तेही चालू करा.

८. खोक्यावर मोशन रेट २४० लिहिलंय, म्हणजे २४० हर्ट्झ ना?

नाही. बहुतेक वेळा तो ६० किंवा १२० चा टीव्ही असतो आणि आकडा मार्केटिंगचा. "नेटिव्ह रिफ्रेश रेट" हा शब्द शोधा, तो सापडला नाही तर ६० धरून चाला.

९. गेम खेळताना बटण दाबल्यावर उशिरा हालचाल होते, कंट्रोलर बदलू का?

आधी गेम मोड लावा. टीव्ही आलेल्या चित्रावर बरीच सजावट करत बसतो, शार्प कर, नॉइज काढ, मधल्या फ्रेम बनव, आणि यात १०० मिलिसेकंदही सहज जातात. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे तुम्ही सहा फ्रेम मागचं बघून बटण दाबताय. माझा मावसभाऊ सुट्टीत आला होता, दोन दिवस क्रिकेटच्या गेममध्ये प्रत्येक बॉलला बोल्ड होत होता आणि कंट्रोलरला शिव्या घालत होता. गेम मोड लावला तर पहिल्याच ओव्हरला चौका. मग मला शिव्या, की आधी का नाही सांगितलं.

चांगला टीव्ही गेम मोडमध्ये १०-१५ मिलिसेकंदांवर येतो. एएलएलएम नावाची सोय असेल तर कन्सोल चालू झाला की हा मोड आपोआप लागतो.

१०. एचडीएमआय २.१ लागतंच का?

४के १२० हर्ट्झवर खेळायचं असेल तर हो. २.० ची वाट १८ जीबीपीएसची (सेकंदाला १८ गिगाबिट), त्यात ४के ६० मावतं, १२० नाही. २.१ मध्ये ती ४८ पर्यंत जाते. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, दोन्ही २०२० पासूनचे, ४के १२० देतात, पण १२० वर चालणारे गेम मोजकेच. फक्त सिनेमा आणि ऑफिसचं काम असेल तर २.० वर छान भागतं.

आता गोम. "२.१" लिहिलंय म्हणून सगळं मिळेलच असं नाही, कारण त्यातली एखादीच गोष्ट देऊनही कंपनी २.१ लिहू शकते. म्हणून आकडा विचारू नका, विचारा "४के १२० चालतं का, व्हीआरआर आहे का, आणि किती पोर्टवर" (व्हीआरआर काय ते प्रश्न ११ मध्ये). चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण ताकदीचे असं खूपदा असतं आणि त्यातलाच एक ई-एआरसीचा (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा), म्हणजे साउंडबार लावला की उरला एक. कन्सोल आणि गेमिंग पीसी दोन्ही असणाऱ्यांनी हे आधीच मोजावं.

११. व्हीआरआर म्हणजे काय?

गेमची फ्रेम तयार झाली की टीव्ही तेव्हाच दाखवतो, स्वतःच्या ठेक्याची वाट बघत नाही. चित्र फाटत नाही, अडखळत नाही. ६० च्या टीव्हीवर याचा पल्ला तोकडा असतो, साधारण ४८ ते ६०, त्यामुळे मजा १२० वाल्यातच. काही ओएलईडीवर व्हीआरआरमध्ये अंधारे सीन लुकलुकतात, हा दोष माहीत असलेलाच आहे, त्रास झाला तर त्या गेमपुरतं बंद करा.

१२. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरायचा तर कुठली साइज?

टेबलावर ठेवणार असाल तर ४२-४३ इंच ४के. हिशोब सोपा आहे, २१.५ इंची फुल एचडी मॉनिटर दोन वर दोन खाली असे चार चिकटवले की बरोब्बर ४३ इंची ४के होतो, पिक्सेलची दाटीही तीच, इंचाला १०२. म्हणजे अडीच-तीन फुटांवरून १०० टक्के स्केलिंगवर (अक्षरं मोठी न करता) वाचता येतं, डोळे थकले तर १२५ करा. ५५ इंचीत ही दाटी ८० वर येते आणि एवढ्या जवळून मान फिरवत बसावं लागतं. ३२ इंची फुल एचडी टीव्ही स्वस्त पडतो म्हणून लोक घेतात, त्यात ती ६९ आहे, अक्षरं जाडीभरडी दिसतात, घेऊ नका.

एक त्रास आधीच सांगून ठेवतो, कॉम्प्युटर झोपला की टीव्ही मॉनिटरसारखा त्याच्याबरोबर झोपत नाही आणि उठत तर बहुतेक नाहीच. रिमोट टेबलावरच ठेवावा लागतो.

१३. लॅपटॉप जोडल्यावर अक्षरं फुटकी, रंग पसरलेले दिसतात. टीव्ही तर ४के आहे!

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. व्हिडिओत जागा वाचवायला एक युक्ती करतात, उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात पण रंगाची चार पिक्सेलना मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. सिनेमात कळतही नाही. पण निळ्यावर लाल अक्षर आलं, जिथे फरक उजेडाचा नसून रंगाचा आहे, की अक्षराची कड शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडते. कॉम्प्युटरला ४:४:४ लागतं, प्रत्येक पिक्सेलचा स्वतःचा रंग.

या क्रमाने करा. त्या एचडीएमआय इनपुटचं नाव टीव्हीत "पीसी" करा, बऱ्याच टीव्हीत तेवढ्यानेच काम होतं. मग त्या पोर्टचं जास्त बँडविड्थचं सेटिंग चालू करा, ते पोर्टगणिक वेगळं असतं आणि बऱ्याचदा बंद येतं. मग ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ निवडा. शार्पनेस शून्यावर आणा, म्हणजे अक्षरांभोवतीची पांढरी कड जाते. काही टीव्हींमध्ये शून्य हेच तटस्थ नसतं, तेव्हा हलवून बघा.

एवढं करूनही कडांना रंगीत झाक राहिली तर पॅनलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांचा क्रम उलटा असू शकतो, किंवा बऱ्याच ओएलईडीत चौथा पांढरा ठिपका असतो, आणि विंडोज मात्र साधा क्रम धरून अक्षरं रंगवतो. क्लिअरटाइप (विंडोजचं अक्षरं गुळगुळीत करायचं सेटिंग) परत सेट करून बघा, उलट्या क्रमाला गुण येतो, ओएलईडीला थोडाच.

१४. डेस्कटॉपच्या कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धाच दिसतो.

हे ओव्हरस्कॅन. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवायचे, आणि ही सवय नळी गेली तरी राहिलीये. पिक्चर साइजमध्ये "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट", "फुल पिक्सेल" किंवा "१:१" असं काहीतरी सापडेल ते निवडा. ग्राफिक्स कार्डमधून चित्र लहान करून बसवू नका, बसतं पण धूसर होतं.

१५. कॉम्प्युटर जोडला की काळा राखाडी दिसतो, सिनेमा मात्र ठीक दिसतो.

रेंज जुळत नाहीये. व्हिडिओत काळा १६ आणि पांढरा २३५ धरतात (ही लिमिटेड रेंज), कॉम्प्युटरवर ० आणि २५५ (ही फुल). कॉम्प्युटर लिमिटेड पाठवतोय आणि टीव्ही फुल समजतोय तर सगळं धुरकट, उलटं असेल तर अंधारातलं सगळं काळ्यात बुडतं. दोन्हीकडे सारखं करा, प्रश्न सुटला.

१६. ओएलईडीवर कॉम्प्युटर चालवला तर खरंच डाग पडतात?

पडू शकतात. पिक्सेल वापराने झिजतात, आणि टास्कबार रोज आठ-आठ तास त्याच जागी उभा असेल तर तिथले जास्त झिजतात. दिवसभर एक्सेल उघडं ठेवणाऱ्याने ओएलईडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. संध्याकाळी सिनेमा, गेम आणि मधेच थोडं ब्राउझिंग असं असेल तर बिनधास्त घ्या. टास्कबार आपोआप लपणारा करा, डार्क थीम लावा, ब्राइटनेस उतरवा. आणि टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करायची सवय सोडा, कारण पॅनलची सफाई टीव्ही स्टँडबायमध्ये असतानाच करतो.

मिनी एलईडीला डागाची भीती नाही पण त्याचं वेगळं असतं. काळ्या डेस्कटॉपवर पांढरा माउस पॉइंटर फिरवून बघा, पॉइंटरमागे फिकट उजेडाचा गोळा फिरतो, एकदा दिसला की मग दिसतच राहतो. काम करताना लोकल डिमिंग कमी करा.

१७. महागडी केबल घेऊ का?

नको. एचडीएमआयमध्ये डिजिटल सिग्नल असतो, केबल झेपली तर चित्र येतं, नाही झेपली तर ठिपके चमकतात किंवा स्क्रीन मधेच काळी होते, सोन्याच्या मुलाम्याने रंग सुधारत नाहीत. ४के १२० ला "अल्ट्रा हाय स्पीड" लिहिलेली आणि स्कॅन करायचं लेबल असलेली घ्या. लांबी ३ मीटरच्या आत ठेवा, त्याहून लांब जायचं तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल बघा.

१८. माझ्या पीसीला डिस्प्लेपोर्ट मोकळा आहे, टीव्हीला कुठे लावू?

टीव्हीला डिस्प्लेपोर्ट जवळजवळ नसतोच. कन्व्हर्टर मिळतात पण ते एकाच दिशेने चालतात, डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणाराच बघून घ्या. बरेच साधे ४के ३० हर्ट्झवरच अडकतात, माउस अडखळायला लागला तर हेच कारण. ग्राफिक्स कार्डला एचडीएमआय असेल तर तोच टीव्हीला द्या आणि दुसरा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर हलवा.

१९. मधे जुना साउंड रिसीव्हर लावला की ४के गायब होतं.

४के सिनेमांना एचडीसीपी २.२ ची कॉपी-सुरक्षा लागते आणि ती साखळीतल्या प्रत्येक डब्याला यावी लागते. जुन्या रिसीव्हरला येत नाही, मग स्क्रीन काळी किंवा चित्र फुल एचडीवर. प्लेयर थेट टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीने रिसीव्हरकडे परत पाठवा. दोन्हीकडे ई-एआरसी असेल तर डिस्कवरचा पूर्ण दर्जाचा आवाजही जातो.

२०. सगळं नीट सेट केलं होतं, विंडोजमध्ये एचडीआर चालू केल्यावर अक्षरं परत खराब झाली.

पोर्ट २.० आहे ना? ४के ६० ला ८ बिटमध्ये (बिट जास्त तेवढ्या रंगछटा जास्त) ४:४:४ त्या १८ जीबीपीएसमध्ये कसंबसं बसतं. एचडीआर म्हणजे १० बिट, ते बसत नाही, मग कार्ड गुपचूप ४:२:२ वर (दोन पिक्सेलना मिळून एक रंग) उतरतं आणि तुम्ही परत प्रश्न १३ वर. २.१ चा पोर्ट मोकळा असेल तर त्यात लावा. नसेल तर काम करताना एचडीआर बंद ठेवा, गेम किंवा सिनेमा लावताना विंडोज, ऑल्ट आणि बी एकत्र दाबलं की चालू होतं, झालं की परत तेच दाबून बंद.